काळा पडदा वाचताना

जुना संगणक विकायला काढला की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असतो : चालतो का? वीज जोडली, बटण दाबलं आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही, की घरचे सांगून मोकळे होतात, ‘बंद आहे.’ तेवढ्या दोन शब्दांनी त्या यंत्राची किंमत किलोच्या भावावर येते. या दोन शब्दांना माझा आक्षेप आहे. कोऱ्या पडद्याला प्रकार असतात. मुंग्यांचा पडदा, स्वच्छ काळा पडदा, पांढऱ्या कडेच्या आत उभ्या रेघांचा पडदा यांतला प्रत्येक जण यंत्राच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो. एक साधा मल्टिमीटर आणि थोडा धीर असला, तर विकण्याआधी हे वाचता येतं. ते वाचून विकलेलं यंत्र आणि न वाचता विकलेलं यंत्र यांच्या किमतीत फरक पडतोच, पण यंत्राचं पुढे काय होणार हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

सोलापुरात अशी यंत्रं निघण्याच्या जागा ओळखीच्या आहेत : पत्र्याखालचा माळा, दुकानामागची खोली, हिशेबाच्या कपाटाचा सर्वांत खालचा खण. त्यांत दोन तऱ्हा दिसतील. एक, घरच्या टीव्हीला जोडायचे, कीबोर्डातच सगळं सामावलेले छोटे संगणक. दुसरी, आयबीएमच्या धर्तीवर जुळवलेले एक्सटी आणि एटी. पहिल्या तऱ्हेतला आपल्याकडचा महत्त्वाचा नमुना म्हणजे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आणला, १९८४ मध्ये त्याचीच कडक कळांची ‘प्लस’ आवृत्ती काढली, आणि तीच पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन इथे विकली. या लेखात मी मुख्यतः याच यंत्रावर थांबणार आहे. त्याचं कारण असं की याच्या पोटातला प्रत्येक भाग काय करतो हे आज पूर्णपणे माहीत आहे, आणि पडदा न येण्यामागचं शास्त्र इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं यंत्र मला ठाऊक नाही.

आधी हवामानाचं. कोकणात किंवा मुंबईत चाळीस वर्षं पडून राहिलेलं यंत्र दमट, खारट हवेने गंजतं. तांब्याच्या वाटांवर हिरवट पापुद्रा धरतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे संकट कमी. इथला शत्रू उष्णता. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तापलेल्या पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल याची कल्पना करा. संगणकातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि रबरी बुचाच्या कडेने तो हळूहळू उडून जातो. अभियंत्यांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. शिवाय यंत्रमागांच्या वस्तीत घर असेल तर कापसाची बारीक लूस प्रत्येक फटीत जाऊन बसलेली असते. ती मऊ ब्रशने काढावी. ओल्या फडक्याने पुसू नये, ओलसर लूस दोन पायांमध्ये अडकून राहिली तर तीच वाहक होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती न करण्याची आहे. माळ्यावरून उतरवलेलं यंत्र लगेच विजेला लावू नका. ‘बघू तरी चालतंय का’ या उत्सुकतेने जितकी जुनी यंत्रं जळतात तितकी काळाने जळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. स्पेक्ट्रमचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट डीसी देतो, पण त्याच्या पिनेची तऱ्हा उलटी आहे : मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत मधला भाग धन असतो. मूळ अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून राउटरचा लावला, पिन बसलीसुद्धा, आणि क्षणात चांगलं यंत्र खरोखरच बंद पडलं, असं सहज होऊ शकतं. म्हणून आधी मल्टिमीटरने पिनेची दिशा तपासायची. मूळ अ‍ॅडॉप्टर यंत्राला न जोडता मोजला तर ९ ऐवजी १२ किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसतील. घाबरू नका. त्यात रोहित्र, डायोड आणि कपॅसिटर एवढंच आहे, व्होल्टेज बांधून ठेवणारा भाग नाही. भार पडला की ते खाली येतं.

जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत भिंतीवर एक सिरीज बोर्ड असायचा : साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्याशी एकसरीत जोडलेला सॉकेट. रोहित्राच्या अ‍ॅडॉप्टरसाठी आजही याहून चांगली पहिली परीक्षा नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि सगळा ताण स्वतःवर घेतो, यंत्र वाचतं. हे काम २३० व्होल्टचं आहे, त्यामुळे ज्याला विजेची सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्यावं.

दोष यंत्रात आहे की टीव्हीत?

स्पेक्ट्रमला स्वतःचा पडदा नाही. चित्राचा संकेत तो एका छोट्या पत्र्याच्या डबीतून, म्हणजे मॉड्युलेटरमधून, रेडिओलहरीवर चढवतो आणि अँटेनाच्या वायरीतून टीव्हीला देतो. मूळ ब्रिटिश यंत्रात ही लहर यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर, सुमारे ५९१ मेगाहर्ट्झवर असते. म्हणजे हा संगणक स्वतःपुरतं एक दूरदर्शन केंद्रच चालवतो, आणि टीव्हीला ते केंद्र शोधावं लागतं. आजच्या घरात टीव्ही सेट-टॉप बॉक्स किंवा एचडीएमआयवर चालतो; अँटेनाचं भोक कुणी वर्षानुवर्षं वापरलेलं नसतं, आणि काही संचांत जुन्या अ‍ॅनालॉग लहरी ओळखणारा ट्यूनरच नसतो. अशा टीव्हीला पूर्ण धडधाकट स्पेक्ट्रम जोडला तरी काहीच दिसणार नाही. तेव्हा ‘पडदा येत नाही’ म्हणण्याआधी अ‍ॅनालॉग चॅनेल शोधणारा टीव्ही मिळवा आणि यंत्र चालू ठेवून हाताने, सावकाश चॅनेल शोधा. भारतीय आणि ब्रिटिश टीव्ही पद्धतींत आवाजाची लहर वेगळ्या अंतरावर असते, पण त्याने इथे अडत नाही, कारण स्पेक्ट्रमचा आवाज टीव्हीतून येतच नाही, यंत्राच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो.

या कामाला जुना काचेचा, पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळाला तर फार उत्तम. नवा टीव्ही संकेत नीट नसला की स्वतःच निळा किंवा काळा पडदा टाकतो आणि सगळी माहिती झाकून टाकतो. जुना टीव्ही जे येतंय ते जसंच्या तसं दाखवतो. यंत्र चालू केल्यावर मुंग्या तशाच राहिल्या तर त्या चॅनेलवर लहर पोहोचतच नाही : एकतर चॅनेल चुकलं, वायर तुटली, किंवा मॉड्युलेटरला ५ व्होल्ट मिळत नाहीत. मुंग्या विरून पडदा स्वच्छ काळा झाला तर डबी जिवंत आहे, लहर निघते आहे, पण तिच्यावर चित्र चढत नाही. दोन्हींना आपण एकच नाव देतो, दोष मात्र पूर्ण वेगळ्या ठिकाणी आहेत.

संगणकाच्या टीव्ही-विद्येचा गाभा ‘यूएलए’ नावाची एक चिप आहे. फेरांटी या ब्रिटिश कंपनीने ती खास या यंत्रासाठी बनवली होती. ती १४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाच्या तालावर चालते, त्याला चारने भागून ३.५ मेगाहर्ट्झचा ठोका झेड-८० या प्रोसेसरला देते, आणि त्याच वेळी स्मृतीतली चित्राची माहिती दर ६४ मायक्रोसेकंदांना एक ओळ या वेगाने टीव्हीकडे पाठवते. ही चिप आता कुणी बनवत नाही. ख्रिस स्मिथ या अभियंत्याने तिच्या आतल्या जोडण्या उलगडून त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यानंतर हौशी लोकांनी तिच्या जागी बसतील असे पर्यायही तयार केले. त्यामुळे यूएलए गेली म्हणजे सगळं संपलं असं आज राहिलेलं नाही.

पांढरी कड, लाल रेघा

समजा पडद्यावर काहीतरी आलं, पण ओळखीचा मजकूर नाही. इथून पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. चित्राभोवती जी रंगीत कड दिसते ती स्मृतीतून येत नाही. तिचा रंग प्रोसेसर थेट यूएलएला सांगतो. वीज मिळाल्यावर झेड-८० रॉममधल्या ज्या अगदी पहिल्या आज्ञा पाळतो, त्यांतच एक असते : कड पांढरी कर. म्हणून आत कितीही गोंधळ दिसत असला, तरी कड पांढरी असेल तर एका नजरेत केवढं कळलं पाहा. ५ व्होल्ट आहेत. १४ मेगाहर्ट्झचा स्फटिक नाचतो आहे. यूएलए जिवंत आहे. प्रोसेसर जिवंत आहे, आणि निदान सुरुवातीच्या आज्ञा तरी रॉममधून बरोबर वाचल्या गेल्या आहेत. हजारो रुपयांचे, मिळायला अवघड असे भाग त्या एका पांढऱ्या चौकटीने निर्दोष ठरवले. विकणाऱ्याने मोबाइलवर या चौकटीचा फोटो काढून ठेवायलाच हवा.

कड पांढरी केल्यानंतर यंत्र स्वतःची स्मृती तपासतं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक खान्यात २ हा आकडा लिहितं, मग खालून वर जात प्रत्येकातून दोनदा एक-एक वजा करतं. पहिल्या वजाबाकीनंतर शून्य येता कामा नये, दुसऱ्यानंतर यायलाच हवं. इतकी साधी परीक्षा, पण तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. टीव्हीवरचं चित्र याच स्मृतीच्या खालच्या भागात असतं : २५६ गुणिले १९२ ठिपके, त्यांचे ६,१४४ बाइट, आणि रंगांचे ७६८ बाइट. सगळीकडे २ भरला की ठिपक्यांच्या प्रत्येक बाइटमधला आठांपैकी एकच ठिपका पेटतो. एका ओळीत असे ३२ बाइट, म्हणून पडद्यावर ३२ बारीक उभ्या रेघा. रंगांच्या बाइटमध्येही २ च भरलेला असतो आणि तिथे त्याचा अर्थ होतो काळ्यावर लाल. म्हणजे निरोगी स्पेक्ट्रम सुरू होताना क्षणभर काळ्या पडद्यावर लाल रेघा दाखवतो, मग पडदा पांढरा होतो आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची स्वामित्वाची ओळ येते. रेघा येऊन तिथेच अडकल्या, किंवा त्यांच्या जागी वेगळ्याच रेघा दिसल्या, तर दोष स्मृतीत शोधायचा.

कुठल्या स्मृतीत, तेही पडदाच सांगतो, आणि ते समजायला सोलापूरकराला दुसरीकडे जायची गरज नाही. जॅकार्डच्या मागावर एक हुक ताण्यातला एकच धागा उचलत नाही. नक्षी जितक्या वेळा पन्ह्यात पुन्हा येते, तितक्या ठिकाणचा त्या जागेचा धागा तो एकदम उचलतो. तो हुक अडकला की चादरीवर एक डाग पडत नाही, प्रत्येक नक्षीत त्याच ठिकाणी लांबच लांब उभा दोष उतरतो, आणि जाणता विणकर तो दोष पाहून सरळ हुकापाशी जातो. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ किलोबाइट स्मृतीत ४११६ जातीच्या आठ चिपा आहेत. प्रत्येक चिप प्रत्येक बाइटमधला फक्त एक बिट सांभाळते. एक चिप मेली की पडद्यावर दर आठ ठिपक्यांमागे त्याच जागी उभी रेघ. रेघेची जागा मोजा, चिप सापडली. आठवा बिट अडकला तर आणखी सोपं : रंगांच्या बाइटमध्ये तो लुकलुकण्यासाठी राखलेला आहे, त्यामुळे सगळा पडदा लुकलुकत राहतो. जोसेफ मारी जाकार्डने १८०४ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रातली भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, हे इतिहासाच्या पुस्तकांत असतंच. पण दोष ओळखण्याची रीतसुद्धा दोन्हीकडे एकच आहे, ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते.

वरच्या ३२ किलोबाइट स्मृतीतला दोष मात्र काळा पडदा आणत नाही. परीक्षा अडते तिथे यंत्र मोजणी थांबवतं आणि जेवढी चांगली स्मृती सापडली तेवढ्यावर सुरू होतं. ओळ नेहमीचीच येते, फसायला होतं. म्हणून यंत्र चालू झालं तरी बेसिकमधल्या ‘पीक’ आज्ञेने २३७३२ आणि २३७३३ हे दोन खाने वाचावेत. पहिला आकडा अधिक दुसऱ्याची २५६ पट ६५,५३५ आली तर पूर्ण ४८ किलोबाइट शाबूत. ३२,७६७ आली तर यंत्र १६ किलोबाइटवरच उभं आहे. घेणाऱ्याला हे आधी सांगितलं की पुढचे वाद टळतात.

उणे पाच व्होल्टची गोष्ट

आता तो दोष, जो या यंत्रात पुन:पुन्हा सापडतो. ४११६ चिपेला एक नाही, तीन व्होल्टेज लागतात : अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५. पाच व्होल्ट ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर देतो. येणाऱ्या ९ व्होल्टमधले चारेक व्होल्ट तो उष्णता म्हणून उधळतो, त्यामुळे यंत्राची उजवी बाजू गरम होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हात ठेववत नाही इतकी. बारा आणि उणे पाच मात्र एका छोट्या कॉइलभोवतीच्या मंडलातून येतात. त्यात दोन ट्रान्झिस्टर आहेत, त्यांतला नकाशावर टीआर-४ म्हणून दाखवलेला फार नाजूक. यंत्र चालू असताना मागच्या पट्टीत जॉयस्टिकचं किंवा प्रिंटरचं कार्ड घुसवलं, जरा तिरकं बसलं, दोन पट्ट्या क्षणभर एकमेकींना टेकल्या, की टीआर-४ जातो. या संगणकाला चालू-बंदचं बटणच नव्हतं, त्यामुळे वीज न काढता कार्ड बसवण्याचा मोह प्रत्येक घरात होत असणार.

टीआर-४ गेला की उणे ५ जातं, आणि खरा घात पुढे होतो. उणे व्होल्टेज चिपेच्या सिलिकॉनच्या पायाला दिलेलं असतं; आतले सगळे ट्रान्झिस्टर एकमेकांपासून वेगळे राखण्याचं काम ते करतं. म्हणून ते सर्वांत आधी यावं आणि सर्वांत शेवटी जावं असा या चिपेचा नियम आहे. ते नाही आणि १२ व्होल्ट आहेत, अशी वेळ आली तर जिथे वाहू नये तिथून प्रवाह वाहतो, चिप तापते आणि मरते. एका स्वस्त ट्रान्झिस्टरपायी स्मृतीच्या चिपा एकापाठोपाठ एक जाऊ शकतात. पडदा येत नाही म्हणून ‘आणखी थोडा वेळ चालू ठेवून बघू’ म्हणणं इथेच महागात पडतं.

मोजणं अवघड नाही. झाकण उघडा. उघडताना कीबोर्डच्या पातळ पारदर्शक पट्ट्या ओढू नका, त्या इतक्या वर्षांनी कडक होऊन लगेच चिरतात. खटक्यातून हळूच सरकवून काढा. आधी वीज न जोडता, प्रत्येक व्होल्टेजच्या वाटेपासून जमिनीपर्यंतचा रोध मोजा. शून्याजवळ आला तर तिथेच थांबा. नाही आला तर अ‍ॅडॉप्टर जोडा आणि मीटरची काळी वायर ७८०५ च्या पत्र्याला लावून खालच्या स्मृतीतली कुठलीही एक ४११६ मोजा. पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर अधिक १२, नवव्यावर अधिक ५, आणि सोळावा जमिनीला. पाचमध्ये पाव व्होल्टपर्यंतचा फरक चालतो. मीटरचं टोक घसरून शेजारच्या दोन पायांना एकदम टेकू देऊ नका; आठवा आणि नववा पाय चिपेच्या त्याच टोकाला समोरासमोर आहेत. मग बोटाच्या मागच्या बाजूने आठही चिपांना स्पर्श करा. सात कोमट आणि एक चटका देणारी असेल तर तीच संशयित.

व्होल्टेज सगळी ठीक आहेत आणि तरी पडदा स्वच्छ काळाच, तर लॉजिक प्रोब असणाऱ्या माणसाची मदत घ्या. झेड-८० च्या सहाव्या पायावर ठोका आहे का, सव्विसाव्या पायावरचं रिसेट सुटलं आहे का, एवढं त्याने पाहायचं. ठोकाच नसेल तर यूएलए किंवा स्फटिक. ठोका असून काही हलत नसेल तर प्रोसेसर किंवा रॉम.

आणि इथे थांबायचं. दुरुस्तीची हौस असणाऱ्यांना हे पटणार नाही, पण जो विकायला बसला आहे त्याने सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या काळच्या बोर्डवरच्या तांब्याच्या वाटा पातळ आणि नाजूक आहेत. सोळा पायांची चिप उपटताना तीन वाटा उखडल्या, तर वीस मिनिटांत दुरुस्त होणारं यंत्र कायमचं अडचणीत येतं. कपॅसिटर बदलणं किंवा मॉड्युलेटरला वळसा घालून चित्राचा संकेत थेट टीव्हीच्या पिवळ्या भोकात नेणं ही कामं जाणत्याने, परत पूर्ववत करता येतील अशीच करावीत. संग्राहक मूळ स्थितीला मान देतात. डब्याला पाडलेलं नवं भोक त्यांना मेलेल्या चिपेपेक्षा जास्त खटकतं. त्यामुळे विक्रीच्या वर्णनात ‘बंद’ लिहू नका, ‘बहुतेक चालू असावं’ असंही लिहू नका. लिहा : अ‍ॅडॉप्टर तपासला, पाच व्होल्ट येतात, उणे पाच येत नाहीत, कड पांढरी दिसते, आतली कुठलीही चिप बदललेली नाही. जाणकाराला या ओळीतून दुरुस्तीचा खर्च काढता येतो आणि तो त्याप्रमाणे भाव देतो.

एक्सटी, एटी आणि शाळांतले संगणक

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ योजना काढून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांपासून संगणक-शिक्षण सुरू केलं, तेव्हा निवडलेलं यंत्र ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचं ‘बीबीसी मायक्रो’ होतं. ते कुठे मिळालं तर एकच सांगणं : त्याच्या वीजपुरवठ्याच्या डबीत पिवळसर पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर असतात. आवरणाला काळानुरूप बारीक चिरा जातात, त्यातून हवेतली ओल आत शिरते, आणि वीज लावल्यावर काही मिनिटांत ते धूर सोडून फुटतात. संगणकाला बहुधा काही होत नाही, पण दुर्गंधी दोन दिवस जात नाही. ते बदलल्याशिवाय यंत्र चालू करू नये. ती डबी उघडणंही जाणत्याचं काम आहे. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा पुरवठ्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट साठतात आणि वीज काढल्यावरही काही काळ राहतात. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरच्या आत तर हजारो व्होल्ट असतात. तो उघडूच नये.

एक्सटी-एटीच्या काळ्या पडद्याला आवाज असतो. हे संगणक सुरू होताना स्वतःची परीक्षा घेतात आणि पडदा नसेल तर स्पीकरमधून सांगतात. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं ठीक. मग मॉनिटर किंवा त्याची वायर पाहा. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बहुतेक यंत्रांत चित्राच्या कार्डची तक्रार. कार्ड काढून त्याची सोनेरी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा नीट बसवा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. शिट्टीच नाही पण पंखा फिरतो, तर वीजपुरवठ्याकडे वळा. हा पुरवठा सगळी व्होल्टेज स्थिरावल्यावर ‘ठीक आहे’ असा एक संकेत बोर्डला देतो, तो मिळेपर्यंत प्रोसेसर जागचा हलत नाही. एटीच्या बोर्डला दोन वेगळे प्लग जातात, ते लावताना काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड जातो.

नऊ पिनांच्या मॉनिटरची फसगत वेगळी. एकरंगी कार्डाचा मॉनिटर सेकंदाला सुमारे १८,४०० ओळी काढतो, रंगीत सीजीए १५,७००, आणि नंतरचा पंधरा पिनांचा व्हीजीए ३१,५००. पहिल्या दोघांचा प्लग सारखाच असल्याने चुकीची जोडी सहज जमते. चित्र तर येत नाहीच, जुना एकरंगी मॉनिटर त्यात जळूही शकतो.

एटीच्या बोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळं किंवा हिरवं नळकांडं दिसलं तर ती घड्याळाची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळते, आणि तिच्यातला अल्कधर्मी द्रव तांब्याच्या वाटा खात सुटतो. काळ्या पडद्याचं हे फार मोठं कारण आहे आणि पडून राहिलेल्या प्रत्येक बोर्डावर ते रोज थोडं वाढत असतं. विकायचं असो वा नसो, ती आजच कापून काढा. पसरलेल्या निळ्या-हिरव्या डागावर पांढरं व्हिनेगर लावलं की अल्क निष्प्रभ होतो. मग अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण वाळवा. हातमोजे घाला.

डबा उघडलाच आहे तर आतल्या कार्डांवरची नावं वाचा. पुण्यातल्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड निघालं तर ते वेगळं काढून जपा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलेलं हे काम. त्याच्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे कार्यक्रम पडद्यावर देवनागरी दाखवू लागले. माझ्या मते अशा कार्डाचं मोल ज्या संगणकात ते बसलं आहे त्याच्याहून जास्त आहे, पडदा येवो वा न येवो.

हार्ड डिस्क शेवटी पाहायची, पण विसरायची नाही. पडदा नाही म्हणजे आतली माहिती गेली असं नव्हे. दुकानाची खाती, पत्रव्यवहार, एखाद्याचं अर्धवट लिखाण तसंच असतं. घेणाऱ्याच्या हाती ते जाऊ नये, आणि भंगारातही जाऊ नये. १९९१ च्या भारतीय मानकानुसार ‘इस्की’ संकेतात लिहिलेला मराठी मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणता येतो. एखाद्या विशिष्ट फॉन्टवर बेतलेला असेल तर त्या फॉन्टच्या फायलीही सोबत उतरवून ठेवाव्या लागतात. डिस्क वाचणारं दुसरं यंत्र मिळेपर्यंत ती काढून घरीच ठेवा आणि संगणक ‘डिस्कशिवाय’ असं स्पष्ट लिहून विका. अगदी जुन्या डिस्कांमध्ये वाचणारी डोकी बंद केल्यावर आपोआप बाजूला जात नाहीत, तबकडीवरच टेकून राहतात; ट्रान्सपोर्टच्या गाडीत हादरे बसले तर तबकडी खरवडते. त्यामुळे ती द्यायचीच झाली तर कुरिअरने पाठवू नका, घेणाऱ्याला घरी येऊन घेऊन जायला सांगा.